राखणदार आणि भिंत : धान्य, कीड आणि वनस्पतींच्या वासाचा इतिहास



आपण सहज म्हणतो, 'गावोगाव क्लासेसचं पेव फुटलंय'. हा वाक्प्रचार रोज वापरणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी खरंखुरं पेव पाहिलं आहे? पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं. आतून कडबा, भुसा यांचा थर द्यायचा, धान्य भरायचं, तोंडावर दगडी झाकण ठेवायचं आणि वरून माती लिंपून टाकायची. वर्ष-दोन वर्षांनी ते उघडलं की धान्याची रासच्या रास वर यायची. वस्तू गेली, शब्द राहिला. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं अगदी अलीकडेपर्यंत वापरात होती. २००५ च्या महापुरात त्यातली बरीचशी निकामी झाली.

आजचा विषय धान्यातली कीड आणि ती दूर ठेवण्यासाठी माणसानं वापरलेले वनस्पतींचे वास, अर्क आणि तेलं हा आहे. मग सुरुवात पेवानं का केली, असं तुम्ही विचाराल. तर, या विषयावर बोलताना आपण पटकन दोनपैकी एका बाजूला जाऊन उभे राहतो. एक बाजू म्हणते, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, कडुनिंबाचा पाला घातला की काम झालं. दुसरी म्हणते, ही सगळी आजीबाईच्या बटव्यातली समजूत आहे, खरं काम औषधाच्या गोळीनंच होतं. मला आज एवढंच सांगायचं आहे की, पाला कधीच एकटा नव्हता. तो राखणदार होता. राखणदाराच्या मागे एक भिंत होती. ती भिंत कशाची होती, ती केव्हा पडली, आणि पडल्यावर आपण राखणदाराकडून काय अपेक्षा करत बसलो, हा आजचा इतिहास.

आधी शत्रू कोण ते बघू. घरात आपण सगळ्यांनाच 'पोरकिडे', 'सोंडे', 'टोके' म्हणतो; पण यांचे स्वभाव वेगळे असतात. तांदूळ, गहू, ज्वारी यांतला सोंडकिडा घ्या. त्याची मादी सोंडेनं दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून चिकट स्रावानं ते भोक बुजवते. अळी दाण्याच्या आतच वाढते, आतच कोष होते आणि उबदार हवेत महिनाभरात नवा किडा दाणा फोडून बाहेर पडतो. म्हणजे धान्य वरून स्वच्छ दिसत असतं तेव्हाही आत पुढची पिढी तयार होत असते. कडधान्यातला भुंगेरा निराळा. तो अंडी दाण्याच्या सालीवर चिकटवतो. हरभऱ्यावर किंवा मुगावर पांढरे ठिपके दिसतात ते तेच. पिठातला तांबडा भुंगेरा अख्ख्या दाण्याला सहसा काही करू शकत नाही. त्याला फुटका दाणा किंवा पीठ लागतं.

हे तीन स्वभाव लक्षात ठेवा. दाण्याच्या आत बसलेल्या अळीपर्यंत पाला पोचत नाही, राख पोचत नाही. तिथं फक्त वायू पोचतो. सालीवरच्या अंड्याला मात्र तेलाचा नुसता हात पुरतो. आणि धान्य चाळून, फुटके दाणे काढून ठेवले तर तांबड्या भुंगेऱ्याची निम्मी लढाई तिथंच संपते.

आता आपल्याकडची साठवण. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथं बरीच वर्षं उत्खनन केलं. साधारण तीन ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं हे शेतकऱ्यांचं गाव. तिथं घरांच्या आत-बाहेर धान्य साठवण्याचे खड्डे सापडले, कणगी ठेवण्याच्या गोल बैठका सापडल्या. या मातीत धान्य साठवण्याची गोष्ट इतकी जुनी आहे. राज्यव्यवस्थेलाही त्याचं महत्त्व माहीत होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या अधिकाऱ्याला सांगितलं आहे की साठ्याचा अर्धा भाग प्रजेवरच्या संकटासाठी राखून ठेवावा, अर्धा वापरावा, आणि जुन्याच्या जागी नवं धान्य भरत जावं. या शेवटच्या सूचनेत कीडनियंत्रणाचा अर्धा धडा आहे: धान्य पडून राहू देऊ नका.

घरगुती पातळीवर मराठी मुलखात किती प्रकार होते बघा. बांबूची विणलेली आणि शेणामातीनं सारवलेली कणगी. वाड्यातलं बळद. मातीचे रांजण, एकावर एक रचलेली उतरंड. कोकणात आणि गोव्यात भाताच्या पेंढ्यात घट्ट आवळून बांधलेले मुडे. देशावर पेवं. आणि हे सगळं भरण्याची वेळ ठरलेली असायची. चैत्र-वैशाखाच्या उन्हात धान्य वाळवायचं. दाताखाली दाणा कट्ट वाजला पाहिजे, ही आर्द्रतामापकाआधीची आर्द्रतेची चाचणी. आज कृषी विभाग सांगतो की साठवणीच्या धान्यात १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा नको. ओलावा नऊ टक्क्यांच्या खाली गेला तर सोंडकिड्याची पैदास जवळजवळ थांबते. ते 'कट्ट' म्हणजे हेच. मग पाखडणं, चाळणं. मग कडधान्याला राख चोळणं किंवा डाळीला, तांदळाला एरंडेलाचा हात लावणं. आणि मग, सगळ्यात शेवटी, थराथरांत सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला, निरगुडीचा पाला, वेखंडाचे तुकडे.

हे बहुतेक सगळं बायकांचं काम होतं. म्हणूनच की काय, याची नोंद पोथ्यांत फारशी सापडत नाही. गंमत बघा, त्या पोथ्या मात्र लाल कापडात वेखंडाची पुरचुंडी घालून बांधलेल्या असायच्या!

आता या क्रियांचा अर्थ लावू. राख काय करते? किड्याच्या अंगावर मेणासारखा पातळ थर असतो, त्यामुळे त्याच्या शरीरातलं पाणी टिकतं. राखेचे बारीक कण तो थर खरवडतात आणि किडा सुकून मरतो. शिवाय राख दाण्यांमधल्या फटी भरते, किड्याला हिंडायला जागा राहत नाही. एरंडेल काय करतं? सालीवरच्या अंड्यावर तेलाचा पापुद्रा बसतो आणि अंड्याचा श्वास कोंडतो. पेव काय करतं? बंद पेवात धान्य आणि किडे दोघेही श्वास घेतात, प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किडे आपल्याच श्वासानं गुदमरतात. म्हणून पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं. आधी दिवा सोडून बघायचा, तो विझला तर थांबायचं. हा नियम न पाळल्यानं माणसं दगावली आहेत.

म्हणजे वाळवण, चाळण, राख, तेल आणि बंद तोंड ही झाली भिंत. कडुनिंब, निरगुडी, वेखंड हे राखणदार. बाहेरून येणाऱ्या किड्याला 'इथं येऊ नकोस' म्हणून सांगणारे.

हे फक्त आपल्याकडेच सुचलं असंही नाही. प्राचीन रोममध्ये इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात केटोनं शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की धान्याला कीड लागू नये म्हणून कोठार सारवताना मातीत भुसा आणि ऑलिव्हचं तेल काढल्यावर उरणारं काळं, कडू पाणी कालवावं. त्यानंतर शंभरेक वर्षांनी व्हॅरोनं जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्यांबद्दल लिहिलं: जिथं हवा पोचत नाही तिथं सोंडे होत नाहीत, आणि अशा खड्ड्यात गहू ५० वर्षं टिकतो. वर्षांचा आकडा सोडून द्या; पण हवा नाही तर कीड नाही, हे निरीक्षण अचूक आहे. म्हणजे तिथंही तेच. बंद खड्ड्याची भिंत, आणि तिला कडू लेपाची जोड.

इथं एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण तेल म्हटलं की आपण सगळी तेलं एकाच डब्यात टाकतो. निंबोळीचं, करंजाचं, एरंडाचं तेल घाण्यातून निघतं. ते जागेवर राहतं. कागदावर डाग पाडतं आणि तो डाग तसाच असतो. वेखंड, लवंग, निलगिरी, गवती चहा यांचं तेल वाफेवर, ऊर्ध्वपातनानं काढतात. ते उडून जातं. आपल्याला जो वास येतो तो म्हणजे ते उडणारं तेलच. पहिलं किड्याला शिवलं किंवा त्यानं खाल्लं तर काम करतं. दुसरं हवेतून, वायूसारखं काम करतं. आणि आत्ताच आपण पाहिलं की दाण्यातल्या अळीपर्यंत फक्त वायू पोचतो. म्हणून संशोधकांचा जीव या दुसऱ्या प्रकारात अडकला.

अशी उडणारी तेलं काढण्याचा धंदा आपल्या भागात नवा नव्हता. खानदेश आणि निमाडच्या रानात रोशा गवत उगवतं. एकोणिसाव्या शतकात ओढ्याकाठी भट्ट्या लावून त्याचं तेल काढत, ते मुंबईच्या बाजारात येई आणि तिथून तांबड्या समुद्राकडच्या बंदरांतून पार तुर्कस्तानात जाई. तिथं त्याची भेसळ गुलाबाच्या अत्तरात होत असे. या तेलातला मुख्य घटक जिरॅनिऑल; आज प्रयोगशाळांत तो धान्यकिडींवर तपासला जातो. पण त्या काळी तेल गेलं अत्तराकडे आणि कणगीत राहिला पाला. कारण साधं होतं. पाला फुकट होता, तेलाला मोल होतं. ही किमतीची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

आता विसाव्या शतकात येऊ. भिंत पडली ती इथं. स्वातंत्र्यानंतर धान्याची टंचाई, अमेरिकेशी १९५६ मध्ये झालेला पी.एल. ४८० करार, जहाजांनी येणारा गहू, रेशनची दुकानं. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळाचं काम सुरू झालं. धान्य आता कणगीतून पोत्यात आलं, पोत्यातून गोदामात. पोतं श्वास घेतं. किड्याला आत-बाहेर जायला मोकळं असतं. नेमक्या याच काळात केंद्र सरकारनं धान्याच्या नासाडीचा अंदाज घेण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष होते डॉ. वि. गो. पानसे, शेतीच्या संख्याशास्त्रातलं मोठं नाव. समितीनं काढलेला आकडा आजही सांगितला जातो: कापणीनंतर एकूण ९.३३ टक्के धान्य वाया जातं. त्यातलं ६.५८ टक्के साठवणीत. म्हणजे किडींमुळे २.५५, उंदरांमुळे २.५०, पक्ष्यांमुळे ०.८५ आणि ओलाव्यामुळे ०.६८ टक्के. टक्के लहान वाटतात. पण ज्या देशाला परदेशी जहाजांची वाट बघावी लागत होती, त्या देशात अडीच टक्के म्हणजे लाखो माणसांचं अन्न होतं.

मग रसायनं आली, आणि ती यायलाच हवी होती, हेही मान्य करू. गोदामातल्या हजारो पोत्यांना कोणी राख चोळत बसणार नव्हतं. मिथाइल ब्रोमाइड आलं. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आल्या. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि तो दाण्याच्या आत शिरतो. घरगुती कोठ्यांसाठी ई.डी.बी.च्या काचेच्या कुप्या मिळू लागल्या. कुपी फोडायची आणि कोठी बंद करायची. काम झटपट व्हायचं.

पण प्रत्येकाचा हिशेब पुढे चुकता करावा लागला. ई.डी.बी.मुळे कर्करोगाचा धोका दिसला. अमेरिकेनं १९८४ मध्ये धान्यासाठी त्याचा वापर थांबवला, पुढे भारतातही बंदी आली. मिथाइल ब्रोमाइड ओझोनच्या थराला मारक ठरलं. माँट्रियल करारानुसार विकसित देशांनी २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत ते थांबवायचं ठरलं, निर्यातीच्या तपासणीसारख्या मोजक्या कामांचा अपवाद ठेवून. उरलं फॉस्फीन. १९७२-७३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं जगभरातल्या धान्यकिडींची पाहणी केली. त्यात सुमारे १० टक्के नमुन्यांमध्ये फॉस्फीनला दाद न देणारे किडे आढळले. कारण काय? गोदामं गळकी. वायू पुरेसा टिकत नाही, अर्धवट डोस मिळतो, सगळ्यात चिवट किडे जगतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. म्हणजे बघा, रसायनालाही भिंत लागत होतीच! आणि या गोळ्या माणसालाही तितक्याच घातक. कायद्यानं त्या फक्त प्रशिक्षित लोकांच्या देखरेखीखाली वापरायच्या असतात. तरी त्या घरात येतात, झोपायच्या खोलीतल्या धान्यात ठेवल्या जातात, आणि माणसं जातात.

याच काळात प्रयोगशाळांत दुसरं काम चाललं होतं. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा हाइनरिख श्मुटरर या जर्मन शास्त्रज्ञानं पाहिलं की सगळं हिरवं फस्त झालं, कडुनिंबाची झाडं तेवढी उभी आहेत. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचं पाणी पिकांवर फवारून टोळ दूर राहतात हे दाखवलं. १९६८ मध्ये ॲझाडिरॅक्टिन हा घटक वेगळा काढण्यात आला. तो किड्याला झटकन मारत नाही. त्याची भूक मारतो आणि कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड करतो.

वेखंडाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. १९७७ मध्ये जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात लिहिलं की वेखंडाच्या तेलातला एक घटक किड्यांना वांझ करतो. किडा मरत नाही, पण पुढची पिढी थांबते. त्या पुरचुंडीमागचं एक कारण असं कागदावर आलं. पण त्याच्या दहा वर्षं आधीच वेखंडाच्या तेलानं प्रयोगातल्या उंदरांना गाठी होतात असं दिसलं होतं, आणि १९६८ मध्ये अमेरिकेनं अन्नात वेखंड वापरायला बंदी घातली. संशयाचा मुख्य रोख बीटा-असारोनवर आहे, आणि भारतीय वेखंडात त्याचं प्रमाण भरपूर असतं. तेव्हा पुरचुंडी पोथीत ठेवणं वेगळं आणि वेखंडाची पूड खायच्या तांदळात कालवणं वेगळं. झाडातून आलं म्हणजे निरुपद्रवी, असं निसर्ग कुठेही लिहून देत नाही.

१९९० नंतर उडणाऱ्या तेलांवर मोठं काम झालं. १९९१ मध्ये इस्राएलमधल्या संशोधकांनी अनेक सुगंधी वनस्पतींची तेलं चार प्रमुख धान्यकिडींवर वायू म्हणून तपासली. काही तेलं अगदी कमी प्रमाणात परिणामकारक ठरली. काही तेलं किड्यांच्या मज्जासंस्थेतल्या ऑक्टोपामीन या संदेशवाहक द्रव्याच्या कामात अडथळा आणतात, असं पुढे दिसलं. सस्तन प्राण्यांच्या शरीरात या द्रव्याला फारसं स्थान नाही, म्हणून ही वाट आशेची वाटते. अमेरिकेनं १९९६ मध्ये लवंग, रोझमेरी, गवती चहा, सिट्रोनेला अशा काही तेलांना कमी जोखमीची म्हणून नोंदणीच्या किचकट प्रक्रियेतून सूट दिली.

मग ही तेलं आपल्या गोदामात का नाहीत? कारण रिकाम्या बरणीत किडा मरतो, पण बरणीत गहू भरला की गणित बदलतं. दाणे तेलाची वाफ शोषून घेतात, हवेत उरते ती कमी, मग मात्रा कितीतरी पट वाढवावी लागते. मात्रा वाढली की खर्च वाढतो आणि पोळीला लवंगेचा वास येतो. शिवाय तेल उडून जातं. आज प्रभावी, महिन्याभरानं नाही. त्यात एकाच वनस्पतीचं तेल जमीन, हंगाम, जात यांप्रमाणे बदलतं. म्हणजे पुन्हा तीच गोष्ट: राखणदार चांगला आहे, पण भिंत नसेल तर तो रात्रभर पुरत नाही.

मधल्या काळात याच ज्ञानाच्या मालकीचा वादही झाला. १९९४ मध्ये युरोपच्या पेटंट कार्यालयानं अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना कडुनिंबाच्या तेलानं बुरशी आटोक्यात ठेवण्याच्या पद्धतीवर पेटंट दिलं. त्याला आव्हान दिलं गेलं, २००० मध्ये ते रद्द झालं आणि २००५ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. विषय बुरशीचा होता, धान्यकिडीचा नव्हे. पण त्यात आपल्यासाठी धडा आहे. 'आमच्याकडे पूर्वापार आहे' हे सांगून भागलं नाही. महाराष्ट्रातल्या एका उद्योजकानं आधीच घेतलेल्या शेतावरच्या प्रयोगांची साक्ष तिथं कामाला आली. ज्याची नोंद आहे, तेच वादात उभं राहतं. आणि कणगीचं ज्ञान तर बहुतांशी बिननोंदीचं.

शेवटची गोष्ट, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गेल्या काही दशकांत धान्य साठवणीचा एक अतिशय यशस्वी उपाय कुठला ठरला? १९८० च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये चवळीचा भुंगेरा रोखण्यासाठी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी स्थानिकांबरोबर काम सुरू केलं. त्यातून तीन थरांची पिशवी आली: आत जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर नेहमीचं विणलेलं पोतं. तोंड घट्ट बांधायचं. आतले किडे प्राणवायू संपवतात आणि थंडावतात. औषध नाही, गोळी नाही. हे काय आहे? हे प्लॅस्टिकचं पेव आहे!

तेव्हा तुमच्या घरी वर्षाचा गहू भरताना क्रम चुकवू नका. आधी ऊन, मग चाळणी, मग घट्ट झाकणाची कोठी. मग हवा तर कडुनिंबाचा पाला घाला, त्याला कोणाची ना नाही. पण ओलसर गहू पोत्यात भरून वर चार काड्या पाला टाकायचा आणि महिन्यानं किडे झाले की आजीला खोटं ठरवायचं, हा आजीवर अन्याय आहे. तिनं पाला सगळ्यात शेवटी घातला होता. त्याआधी चार दिवस ती उन्हात राबली होती.

एवढं बोलून थांबतो.